त्रेसष्ट नावांचा संच

लेआंद्रो कुबियास मास्तरांना सान दिमास गावात लोक दोन कारणांनी ओळखत. एक म्हणजे ते तंत्रशाळेत संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकवत, आणि शिकवताना फळ्यापेक्षा घरातल्या वस्तूंचाच आधार जास्त घेत. दुसरं कारण म्हणजे यादी. कोणती यादी, असं गावात कुणी विचारत नसे. अकरा वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, डोंगराचा एक अख्खा कडा चिखल होऊन खाली आला आणि वरची आळी गिळून गेला. त्या वेळची बेपत्ता माणसांची यादी मास्तरांनी केली होती. एल साल्वादोर देशाच्या त्या भागात तेव्हा संगणक हाताळणारी माणसं मोजकीच होती, आणि सान दिमासमध्ये तर एकच.

त्यांचा वर्ग ऐकण्यासारखा असे. माहिती ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती शिकवायला त्यांना तीन दिवस लागत, आणि ते तीन दिवस वर्गात कुणी जांभई देत नसे.

"यादी म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे," ते सांगत. "ज्या क्रमाने घातले त्या क्रमाने राहतात. एकसारखे दोन सदरे असले तरी दोरीची हरकत नसते. चळत म्हणजे फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या भाकऱ्या. शेवटची भाजलेली पहिल्यांदा हाताला लागते, आणि तळातली बिचारी गारठून जाते. रांग म्हणजे गिरणीपुढच्या बादल्या. बायका मका भिजवून बादल्या ठेवून जातात, आणि जिची बादली आधी तिचं दळण आधी."

"आणि संच, मास्तर?" यामिलेथ विचारी. ती दवाखान्यात कारकून होती, पस्तिशीची, आणि वर्गात सगळ्यांत मोठ्या आवाजाची.

"संच म्हणजे दारावरचा रखवालदार. जो आत आहे, त्याला पुन्हा आत घेत नाही."

"मग दारातल्याला तो सांगतो तरी का, की बाबा रे, तू आधीच आत आहेस म्हणून?"

"नाही सांगत. संच तक्रार करत नाही. आधीच आहे असं मानतो आणि गप्प बसतो."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा," यामिलेथ म्हणाली. वर्ग हसला. मास्तरही हसले, आणि मग नेहमीप्रमाणे त्यांनी यादीची गोष्ट सांगितली. ती ते दर वर्षी सांगत. आवाज खाली आणून सांगत, पण त्यात थोडा अभिमान असे, आणि तो त्यांना लपवता येत नसे.

त्या सप्टेंबरात शाळेच्या मोठ्या खोलीत चार टेबलं मांडली होती. माणसं येऊन आपलं कोण हरवलं ते सांगत होती, आणि राजधानीहून आलेले स्वयंसेवक ते टिपून घेत होते. एकाच माणसाची खबर त्याची बायको देई, मग मेहुणा देई, मग शेजारीण रडत येऊन पुन्हा देई. तिसऱ्या दिवशी दोनशे बारा नोंदी झाल्या, आणि चिखलाखाली खरी माणसं किती हे कुणालाच सांगता येईना. मास्तरांनी सगळ्या नोंदी संगणकात उतरवल्या आणि संचात टाकल्या. पण संच काही लहान होईना. अडचण आडनावांची होती. तिथे माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. बायको दोन्ही सांगे, शेजारी एकच सांगे, आणि त्याच माणसाच्या दोन नोंदी संचाला वेगळ्या वाटत. मग मास्तरांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: दुसरं आडनाव कापा. सात मिनिटांत दोनशे बाराची त्रेसष्ट नावं झाली.

ती यादी शाळेच्या भिंतीवर लागली. कुणाचं प्रेत सापडलं की नावापुढे खूण होई. अठराव्या दिवशी त्रेसष्टाव्या नावापुढे खूण झाली आणि खणणारी यंत्रं परत गेली. उरलेला चिखल सपाट केला गेला. दोन वर्षांनी त्यावर गावाचं फुटबॉलचं मैदान झालं.

"सात मिनिटं," मास्तर वर्गात म्हणत, आणि खडू खाली ठेवत.

शाळेच्या फाटकापाशी रोसेंदा प्लातेरो बसत असे. मक्याची गरम पेज विकायची. बुटकी, पांढऱ्या केसांची बाई, अंगात कायम एक पुरुषी जाकीट. मास्तर तिच्याकडे रोज दहाच्या सुट्टीत तुंब्याची एक वाटी भरून पेज पीत. आणि दर वर्षी सप्टेंबर आला की ती एकदा, एकदाच, वाटी हातात देताना विचारी.

"मास्तर, तुमच्या यंत्रात बघता का परत एकदा? माझा सिप्रियानो."

"मावशी, सिप्रियानो मेनहिवार यादीत एकच आहे. त्याच्यापुढे खूण आहे. सापडला तो."

"तो एदुविहेसचा. मी माझा विचारतेय."

"तुमचा यादीत नव्हता, मावशी."

"मी स्वतः सांगितलं होतं टेबलापाशी. चष्मेवाली पोरगी होती लिहायला."

"राहिलं असेल तिच्याकडून. पण यादीत नव्हता म्हणजे चिखलात नव्हता. गेला असेल उत्तरेला, अमेरिकेत कामाला. किती जण गेले त्या महिन्यात."

"उत्तरेला गेला असता तर अकरा वर्षांत एक फोन नसता केला?"

मास्तर वाटी हातात फिरवत. ती म्हणे, "बरं. प्या, निवून जाईल," आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत विषय काढत नसे.

हे दोन सिप्रियानो गावाला माहीत होते. बाप सिप्रियानो मेनहिवार, वीटभट्टीवाला. नाल्याच्या वरच्या अंगाला, वरच्या आळीत, लग्नाची बायको एदुविहेस आयाला. खालच्या अंगाला रोसेंदा. दोन्ही घरांत पहिला मुलगा झाला, सात महिन्यांच्या अंतराने, आणि दोन्ही वेळा बापाने आपलंच नाव ठेवलं. पहिल्या मुलाला बापाचं नाव, ही तिथली रीतच. त्याची दोन घरं, म्हणून दोन पहिले मुलगे. दोघांना आडनावही दिलं, ह्याबद्दल लोक त्याला बरंच म्हणत. बाप लवकर वारला. मुलं मात्र त्याच्या तोंडवळ्यावर गेली, दोघंही, इतकी की पाठमोरी दिसली तर हाक मारणारा अडखळे. गाव त्यांना आईवरून ओळखी: एदुविहेसचा सिप्रियानो आणि रोसेंदाचा सिप्रियानो.

भिंतीवरच्या यादीत एकच सिप्रियानो होता. तो सापडला, एदुविहेसने त्याला पुरलं, थडगं बांधलं. रोसेंदा स्वयंसेवकांकडे गेली तर ते म्हणाले, बाई, हा तर मिळाला, आईने ओळखून नेला. ती पुन्हा पुन्हा जाऊ लागली तेव्हा गावात कुजबूज झाली, की दुसरी बाई मेलेल्यावरसुद्धा हक्क सांगायला निघाली. मग ती जायची थांबली.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला अख्खं गाव स्मशानात जातं. थडगी रंगवतात, कागदी फुलं आणि सुरूच्या माळा वाहतात, मधात बुडवलेल्या पुऱ्या खातात. रोसेंदा त्या दिवशी घरी बसून राही, दार किलकिलं ठेवून. कुणी विचारलं तर म्हणे, "फूल कुणाच्या नावाने वाहू? जिवंत असला आणि मी वाहिलं, तर जिथे असेल तिथे मरेल. मेला असला आणि नाही वाहिलं, तर भुकेला राहील." आणि मग विचारणाऱ्याकडे अशी बघे की तो दुसरीकडे नजर वळवी.

हे असंच चालत राहिलं असतं. पण बाराव्या वर्षी, ऑक्टोबरात, नगरपालिकेने मैदानाच्या कडेला दगडाची शिळा बसवायचं ठरवलं. तिथल्या चिटणीस बाईंनी मास्तरांना फोन केला.

"मास्तर, तुमची यादी शिळेवर जाणार बरं का. तुमचंही नाव खाली घालायचं म्हणतायत साहेब."

"माझं कशाला, बाई."

"लाजू नका. फक्त एक करा, पूर्ण नावं द्या. आईच्या आडनावासकट. दगडावर अर्धं नाव बरं दिसत नाही. पाथरवटाला शुक्रवारी द्यायचीय."

मास्तरांनी कपाटातून संगणकाची जुनी तबकडी काढली. मूळ दोनशे बारा नोंदी तिच्यावर जशाच्या तशा होत्या, कोणी सांगितलं, कोण कुठे शेवटचं दिसलं, सगळं. त्या रविवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या टेबलाशी संगणक घेऊन बसले. आधी जुना प्रोग्रॅम उघडून वाचला. ती एक ओळ तिथे होती, आणि तिच्या शेजारी त्यांनीच घाईत लिहून ठेवलेली टीप: दुसरं आडनाव नको, गोंधळ होतो.

आता दुसरं आडनाव हवं होतं, म्हणून संच चालणार नव्हता. त्यांनी नोंदींची साधी यादी केली, आणि ती नावाच्या क्रमाने लावली. एकसारखी नावं एकाखाली एक आली. मास्तर बोटाने खाली सरकत गेले आणि एका जागी थांबले.

पाच ओळी होत्या. पहिल्या दोन नुसत्याच सिप्रियानो मेनहिवार, शेजाऱ्यांनी सांगितलेल्या. तिसरी सिप्रियानो मेनहिवार आयाला, खबर देणार एदुविहेस आयाला, आई. चौथी सिप्रियानो मेनहिवार प्लातेरो, खबर देणार रोसेंदा प्लातेरो, आई. चष्मेवालीने काही राहू दिलं नव्हतं. आणि पाचवी:

सिप्रियानो मेनहिवार प्लातेरो, वय एकोणीस, निळा सदरा. शेवटी दिसला आयालांच्या घराच्या मागच्या दाराशी. खबर देणार: एदुविहेस आयाला.

मास्तरांनी ती ओळ तीनदा वाचली. एदुविहेसने दोन खबरा दिल्या होत्या. एक आपल्या मुलाची, एक सवतीच्या.

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी रेडिओवर सामना चालू होता, आणि मास्तरांना ओल्या मातीचा वास आला. त्यांनी उठून नळ बघितला, मोरी बघितली. वास कुठूनच येत नव्हता.

सोमवारपासून त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. दोघांनाही ते लहानपणापासून ओळखत होते. एकाने त्यांच्या अंगणाची भिंत बांधली होती, दुसऱ्याने त्यांच्या झाडाचे आंबे चोरले होते, आणि कोणता कोण ह्यात त्यांची एकदाही गल्लत झाली नव्हती. रस्त्यात कुणी विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं, की सिप्रियानो दोन आहेत. पण त्या सप्टेंबरात यंत्रापुढे बसल्यावर ते गावचे राहिले नव्हते. समोर नुसती अक्षरं होती, आणि त्यांना अक्षरं कमी करायची होती.

वर्गात हजेरी घेताना प्रत्येक नाव उच्चारलं की ते थांबत. त्याच नावाचा आणखी कुणीतरी उत्तर द्यायचा राहिलाय, असं वाटे. पोरं एकमेकांकडे बघत. "मास्तर, मी हजर म्हणाले की," यामिलेथने दोनदा सांगितलं. दुपारी मैदानावरून घरी जाताना ते आजवर तिरके, मधून जात. आता कडेकडेने जाऊ लागले. पायाखाली कुठेतरी पोकळ लागेल अशी धास्ती वाटे. एकदा चेंडू त्यांच्याकडे घरंगळत आला आणि पोरांनी ओरडून मागितला, पण त्यांना तो लाथेने परत मारवेना. वाकून, हातात घेऊन, चालत नेऊन दिला. पोरं हसली.

दहाच्या सुट्टीत ते पेजेला गेले नाहीत. खिडकीतून त्यांना रोसेंदा दिसे. ती एक वाटी भरून बाजूला झाकून ठेवी, आणि सुट्टी संपली की ती पातेल्यात परत ओती.

मंगळवारी ते एदुविहेसकडे गेले. वरची आळी गेल्यावर तिला खाली नवीन घर मिळालं होतं. ती ओसरीवर बसून सुरूच्या फांद्यांच्या माळा करत होती. उंच, ताठ बाई, सत्तरीची, गावात मान असलेली.

"या मास्तर. शिळेचं काम ना? माझ्या पोराचं पूर्ण नाव हवंय, असं चिटणीस बाई म्हणत होती. आयाला. लिहून घ्या."

मास्तर उभेच राहिले. "बाई, तुम्ही तेव्हा दोन खबरा दिल्या होत्या."

एदुविहेसचा हात थांबला. तिने माळ मांडीवर ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "तो मागच्या दाराने आला. रोसेंदाचा. पहिला चिखल येऊन गेला होता, आणि माझा आत अडकला होता, तुळईखाली. हा धावत आला आणि ओरडला, 'भाऊ, कुठेयस?' भाऊ! जन्मात मी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. माझ्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नव्हता कधी. मला त्याने हाताला धरून बाहेर ढकललं आणि तो आत शिरला. मग दुसरा लोंढा आला."

"म्हणून तुम्ही दोघांचं सांगितलंत."

"न सांगून कसं चालेल? माझ्या पोरासाठी आत गेला तो. त्याच्या आईचं आडनाव मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्या पोरीला. वीस वर्षांत पहिल्यांदा घेतलं मी ते नाव."

"मग सापडला तो..."

"मी धुतला त्याला," एदुविहेस म्हणाली. "चेहऱ्यावरचा चिखल निघाला तरी मला माझाच वाटला. मग कान धुतला. डाव्या कानाची पाळी तुटकी होती. कुत्र्याने तोडलेली, लहानपणी. माझ्या पोराचे कान धड होते, मास्तर."

मास्तर ओसरीच्या कडेला बसले.

"मी बाहेर आले. यादी हातात धरून एक माणूस उभा होता. मी विचारलं, सिप्रियानो मेनहिवार अजून एक आहे ना? तो म्हणाला, नाही बाई, यंत्रात एकच आहे. हाच का तुमचा? मी काय सांगणार होते? हा माझा नाही म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला रोसेंदाकडे दिलं असतं आणि नावापुढे खूण केली असती. मग माझ्यासाठी कुणी खणलं असतं? एकाच नावासाठी दोनदा कोण खणतं? दोघींपैकी एकीलाच पोर मिळणार होतं, ते तुमच्या यंत्राने ठरवून ठेवलं होतं. मी हो म्हटलं."

"बाई, तेव्हा येऊन सांगायचं होतं मला. मी नाव वाढवलं असतं."

"आणि तुम्ही, मास्तर? तुम्हाला दोन पोरं माहीत नव्हती?"

बाईंनी माळ पुन्हा हातात घेतली, पण फांदी काही वळेना.

"अकरा वर्षं मी त्याला फुलं वाहते. बाळा म्हणते. त्याच्याशी बोलते, आणि बोलताना मला पाठीमागून ऐकू येतं, आई, मी इकडे आहे. मैदानाकडून. पोरं त्याच्यावर खेळतात, ओरडतात, आणि त्या ओरड्यात त्याची हाक असते. आता तुम्ही हे शिळेवर कोरणार?"

"रोसेंदाला कळायला हवं."

"काय कळायला हवं? तिला वाटतं पोर उत्तरेला आहे. निदान ऊन तरी लागत असेल त्याला, असं वाटतं. ते तुम्ही तिच्याकडून काढून घेणार, आणि माझं थडगंही काढून घेणार. कुणाचं भलं होणारेय त्यात? आहे तसं राहू द्या. हात जोडते, मास्तर."

खरंच तिने हात जोडले. मास्तर खाली मान घालून निघाले.

बुधवार त्यांनी घरात काढला. बाई म्हणाली त्यात चुकीचं काय होतं, हेच त्यांना सापडत नव्हतं. आशा काढून घेणं म्हणजे चांगलं काम, असं कोण म्हणेल? आणि त्यातच त्यांची स्वतःचीही सोय होती, हे त्यांना कळत होतं. शिळेवर आयाला कोरलं की त्रेसष्ट ते त्रेसष्ट. सात मिनिटांची गोष्ट पुन्हा सांगता आली असती. पण आपण दर सप्टेंबरात रोसेंदाला कोणत्या तोंडाने म्हणालो, सापडला तो? आणि खरंच सापडला होता तो. तिचाच सापडला होता. अकरा वेळा ते तिला खरं बोलले होते, आणि अकरा वेळा ते खोटं होतं. हे मनात आलं आणि त्यांना पुन्हा तो वास आला, ओल्या मातीचा, इतका जवळून की त्यांनी आपले हात हुंगून बघितले.

गुरुवारी दहाच्या सुट्टीत ते फाटकापाशी गेले.

"आलात? मला वाटलं माझी पेज आंबली का काय," रोसेंदा म्हणाली. "तीन दिवस तोंड दाखवलं नाहीत."

"मावशी, बसतो जरा."

"बसा की. दगड काय माझ्या बापाचाय?"

त्यांनी सांगायला सुरुवात केली. नीट जमलं नाही. आधी आडनाव कापल्याचं सांगितलं, मग पाच ओळी, मग पुन्हा मागे गेले. रोसेंदाने त्यांना मधे तोडलं नाही. एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याला पेज ओतून दिली, सुटे परत केले. मग मास्तर कानापाशी आले.

"डावा?" तिने विचारलं.

"डावा."

"चार वर्षांचा होता. माझ्या भावाचं कुत्रं. मी दोष कुत्र्याला दिला, पण ह्यानेच त्याची हाडं ओढली होती." तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. पुन्हा काढलं. "तिने धुतलं त्याला?"

"हो. स्वतः."

"केस? केसांत चिखल राहिला तर वाळून दगड होतो."

"ते मी विचारलं नाही, मावशी."

"पुरताना काय घातलं अंगावर?"

"तेही विचारलं नाही."

"तुम्ही काहीच विचारत नाही," रोसेंदा म्हणाली. ह्यात राग होता की नाही, मास्तरांना कळलं नाही. तिने जाकिटाची गुंडी लावली, काढली. मग ती एकदम मोठ्याने म्हणाली, "दार! रोज दार उघडं ठेवून निजते मी! अकरा वर्षं! चोर आला नाही म्हणून, नाहीतर नेलं असतं मला उचलून!" रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "आणि पोर इथे! बाजारातून येताना मी त्याच्या भिंतीवरून जाते, मास्तर! स्मशानाच्या भिंतीला टेकून टोपली बदलते खांद्यावरची!"

मास्तर म्हणाले, "माझी चूक आहे. सगळ्यांसमोर सांगेन मी."

"सांगा. सांगायलाच हवं." तिने जाकिटाच्या बाहीने तोंड पुसलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं आत गेली, पण मास्तर उठले नाहीत.

"भाऊ म्हणाला?" तिने विचारलं.

"हो. 'भाऊ, कुठेयस' असं."

"मी कधी शिकवलं नव्हतं तसं म्हणायला." आणि मग वेगळ्याच आवाजात, "म्हणजे तिचा अजून खालीच आहे."

"हो."

"तिला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

रोसेंदा उठली. तिने पेजेचं पातेलं बाजूच्या पाववालीच्या हवाली केलं आणि म्हणाली, "चला. कुठे द्यायचीय ती यादी?"

"उद्या द्यायचीय."

"उद्या कशाला? चला आत्ताच."

नगरपालिकेत चिटणीस बाईंना हे प्रकरण समजायला अर्धा तास लागला. त्या दोनदा म्हणाल्या, की एवढ्या वर्षांनी आकडा बदलला तर वर्तमानपत्रवाले येतील. मास्तर म्हणाले, येऊ द्या, आणि आपल्या हाताने लिहायला बसले. सापडलेल्यांत त्यांनी लिहिलं, सिप्रियानो मेनहिवार प्लातेरो. मग पेन उचललं. "मावशी, एदुविहेसबाईंनी हात जोडून सांगितलंय, राहू द्या म्हणून."

"तिला थडगं सुटायची भीती आहे. थडगं सुटलंच," रोसेंदा म्हणाली. "पण पोराचं नाव नको? लिहा. आयाला. न सापडलेला."

त्यांनी लिहिलं. त्या वर्षी शिळेवर चौसष्ट नावं आली. मास्तरांचं नाव खाली आलं नाही, त्यांनीच नको म्हटलं होतं. ते म्हणाले होते तसं त्यांनी रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक की मागच्यांनी पुढच्यांना विचारून घेतलं. कुणी शिवी दिली, कुणी पाठीवर हात ठेवला. बरेच जण नुसते घरी निघून गेले, आणि तेच त्यांना सगळ्यात जड गेलं. वर्गात संच ते अजून शिकवत, पण सात मिनिटांची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. आता म्हणत, "काही टाकायच्या आधी, काय टाकताय त्याची एक दोरी करा आणि वाचा. मोठ्याने वाचा. नावं असली तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा." पोरांना हे जरा चमत्कारिक वाटे, पण ती वहीत लिहून घेत.

दोन नोव्हेंबरला रोसेंदा पहिल्यांदा स्मशानात गेली. थडग्यावरचं आयाला हे आडनाव आदल्या दिवशीच कुणीतरी रंगाने झाकलं होतं, आणि दगड स्वच्छ धुतलेला होता. ती दुपारपर्यंत तिथे बसली. पुऱ्या खाल्ल्या, एक त्याच्यासाठी ठेवली, आणि बऱ्याच दिवसांनी डुलकी लागावी तशी दगडाला टेकून झोपली. लोक तिला वळसा घालून गेले.

मास्तर परत निघाले तेव्हा त्यांना मैदानाच्या कडेला एदुविहेस दिसली. हातात सुरूची माळ. खेळ थांबवून पोरं एका बाजूला चेंडू घेऊन उभी होती. म्हातारी मैदानात शिरली. अंदाजाने आपल्या जुन्या घराची जागा शोधत असावी, पण वरच्या आळीची एकही खूण वर राहिली नव्हती. तिने एका जागी माळ ठेवली. उभी राहिली. मग वाकून ती उचलली आणि चार पावलं पलीकडे ठेवली. पुन्हा उचलली.

मास्तर जवळ गेले तेव्हा तिने मान वर केली नाही. "तुमच्या त्या नोंदींत बघता का, मास्तर," ती म्हणाली. "मागचं दार लिहिलंय ना तिथे. मागचं दार नेमकं कुठे येतं?"

मास्तरांनी मैदानाकडे बघितलं. गवत सगळीकडे सारखं होतं.

"बघतो, बाई," ते म्हणाले.

ती मान हलवून माळ हातात घेऊन पुढे सरकली.